मशीनांची उत्तरपूजा

टाइपरायटर उघडला की आधी तांदूळ निघतात. चेष्टा नाही. कचेरीतून आलेलं जुनं मशीन असेल तर वरचं पत्र्याचं झाकण काढल्यावर, अक्षरांच्या सगळ्या दांड्या जिथे एका अर्धगोल खाचेत दाटीवाटीने बसलेल्या असतात, तिथे दोन-चार दाणे हमखास सापडतात. तेल पिऊन काळपट झालेले, नखाने न निघणारे. भोवती कुंकवाचा चिकट थर. खंडेनवमीला कुणीतरी भक्तिभावाने वाहिलेल्या अक्षता त्या. जवळच नारळही फोडलेला असतो आणि त्याचं पाणी कुठे कुठे उडालं ते गंजलेल्या स्प्रिंगा पाहून कळतं. मग दसऱ्यानंतर एखादं अक्षर वर जाऊन परत खाली येईना झालं की हीच मंडळी मेकॅनिकच्या नावाने बोटं मोडायची.

माझं निम्मं आयुष्य या अक्षता वेचण्यात गेलं. नोकरी भिंगारलाच झाली, लष्कराच्या एका कार्यालयात सिव्हिलियन टायपिस्ट म्हणून. कॉम्प्युटर आले तेव्हा टाइपरायटर भंगारात निघाले, आणि ज्या मशीनवर मी उमेदीची वर्षं बडवली ते मी लिलावात घेऊन घरी आणलं. तेव्हा वाटलं, एकच तर आहे, पडून राहील कोपऱ्यात. पण मशीन एकटं राहत नाही. त्याचा मोडलेला भाग मिळवायला दुसरं मशीन उघडावं लागतं, मग ते दुसरं आतडी काढल्यासारखं पडलेलं बघवत नाही, म्हणून त्याच्यासाठी तिसरं आणायचं. रिटायर झाल्यावर तर मला काही धरबंदच राहिला नाही. मी याला छंद म्हणतो. बायको नाद म्हणते.

घर आमचं जुन्या बाजारामागच्या गल्लीत. खाली रस्त्याला लागून एक लांबट खोली, तिच्या मागे मोरी आणि संडास, तिथूनच वर जाणारा अरुंद, उभा जिना. वर स्वयंपाकघर आणि निजायची खोली. वरच्या खिडक्या मागच्या बाजूला उघडतात. तिकडे एका गोदामाची भिंत आहे आणि भिंतीवरून डोकावणारा बाभळीचा शेंडा, बाकी काही नाही. गल्ली दिसते ती फक्त खालच्या खोलीच्या दारातून. त्या खोलीत पूर्वी भाड्याने एक शिंपी बसायचा. तो सोडून गेला आणि खोली मशीनांची झाली.

कुठून कुठून आली ती. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या भंगारातून आणलेल्या इंग्रजी मशीनला मळीचा असा वास होता की धुऊन, वाळवून, पुन्हा धुऊनही मुंग्या त्याचा माग काढत यायच्या. राहात्याच्या एका आडत्याच्या माळ्यावर सापडलेल्या मराठी मशीनच्या पोटात कुंभारमाशीने मातीची घरं बांधलेली होती. एका ख्रिस्ती शाळेतल्या निवृत्त मास्तरांचं, पेटीत बसणारं लहान मशीन मात्र स्वच्छ निघालं. त्यात तांदळाचा एक दाणा नव्हता, आणि मास्तरांबद्दलचा माझा आदर तेवढ्यावरच दुप्पट झाला.

लोकांना वाटतं मशीन दुरुस्त करायला काही विशेष डोकं लागतं. डोकं फारसं लागत नाही, चिकाटी लागते. मशीन दुरुस्त करणं म्हणजे मुख्यतः पुसणं. रॉकेल, दाढीचा जुना ब्रश, फडकी, पुन्हा रॉकेल. ज्या रबरी रोलरवर कागद बसतो तो आमच्याकडच्या उन्हाळ्यात दगड होतो, त्यावर पॉलिश पेपर फिरवून त्याला पुन्हा थोडं खरखरीत करायचं. मराठी मशीनचा आणखी एक त्रास. वेलांटी किंवा मात्रा मारली की कागद पुढे सरकता कामा नये, कारण ती आधीच्या किंवा नंतरच्या अक्षराच्या डोक्यावरच बसायची असते. कागद रोखून धरणारी कळ झिजली की मात्रा भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. हे जुळवायला बोटं बारीक आणि नजर धड असावी लागते. माझ्याकडे आता दोन्ही नाहीत.

गेल्या वर्षी पावसाळ्यात बायकोचे गुडघे पार गेले. मुलाने पुण्याला नेलं. महिना-दीड महिना आम्ही त्याच्या फ्लॅटवर होतो. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय अशक्त आहे, ऑपरेशनचा धोका घेऊ नका, गोळ्या घ्या आणि जिना वर्ज्य करा. मुलगा म्हणाला इथेच राहा, लिफ्ट आहे. सूनही मनापासून म्हणाली. हिने ऐकलं नाही. ती श्रीगोंदा तालुक्यातल्या खेड्यातली, बंद दाराची तिला भीती वाटते.

"लिफ्टमधी बसून कुठं जायाचं?" ती म्हणाली. "खाली मोटारी, वर मोटारींचा आवाज. मला माझ्या दारात बसायचंय. येनारा जानारा दिसला पायजे."

एवढीच तिची मागणी होती. दागिना नको, तीर्थयात्रा नको, भिंगारच्या गल्लीत दारात बसायचं. त्यासाठी आम्ही परत आलो. पण घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती आणि खालच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. मशीनं टेबलांवर, टेबलांखाली, कोनाड्यात, शिंप्याच्या जुन्या फळ्यांवर. मुलाने आणि गाडीच्या ड्रायव्हरने तिला खुर्चीत बसवून अरुंद जिन्यावरून कशीबशी वर नेली. मी खाली उभा राहून म्हणालो, "चार दिवस वर काढ. खोली रिकामी करतो, मग तुझा पलंग खालीच टाकू." ती बरं म्हणाली.

खोली रिकामी करायची तर मशीनं द्यायची. द्यायला माझी ना नव्हती. पण माझा एक नियम होता, आणि तो मी उगाच केलेला नव्हता. चालत नसलेलं मशीन माझ्या हातून बाहेर जायचं नाही. ज्याला द्यायचं त्याच्यासमोर कागद घालायचा, एक ओळ टाइप करायची, घंटी वाजायला हवी, कागद धरून सरकणारी कॅरेज परत फिरायला हवी, मग न्या. आयुष्यभर मी लोकांनी अर्धवट करून टाकलेली कामं निस्तरली होती. तेच मी दुसऱ्याच्या पदरात घालणार नव्हतो.

म्हणजे आधी सगळी दुरुस्त करायची. तसा मी बसलोच. सकाळी चहा झाला की खाली उतरायचं आणि दिवा लावून मांडी ठोकायची. धूळ येते म्हणून दार लोटलेलं. पण ज्या वेगाने पन्नाशीत हात चालायचा तो आता कुठला. एक स्प्रिंग आकड्यात अडकवायला दुपार जायची. अडकली की हात थरथरून सुटायची, टेबलाखाली जायची, आणि मी गुडघ्यावर बसून ती शोधायचो आणि कशाला उठायचं असं वाटून तिथेच थोडा वेळ बसून राहायचो. एक मशीन पुरं झालं की त्याला गिऱ्हाईक नसायचं. गिऱ्हाईक यायचं तेव्हा त्याला दुसरंच हवं असायचं. राहात्याच्या एका शाळेचे हेडमास्तर एक घेऊन गेले, मुलांना दाखवायला. दिवाळीनंतर फोन केला तर म्हणाले, कपाटात नीट आहे, कुलूप लावलंय. मी म्हटलं, मुलं? ते म्हणाले, मुलांनी हात लावला तर खराब होईल ना.

पुण्याहून एक तरुण आला होता, हॉटेलांची सजावट करणारा. मोबाईलवर त्याने फोटो दाखवले. टाइपरायटरचं पोट रिकामं करून त्यात झाडं लावलेली, दिवे बसवलेले. "चालू नसलं तरी चालेल काका," तो म्हणाला, "उलट आतलं काढावंच लागतं." बोलायला नम्र होता, पायातल्या चपला दाराबाहेर काढून आला होता, तरी मी त्याला पाणीही विचारलं नाही. वर जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "झाडं तर झाडं. त्याला काय हुतंय." मला राग आला आणि मी न जेवता झोपलो.

ती वरच होती. आंघोळ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या छोट्या मोरीत, आणि मुलाने आणून दिलेली कमोडची खुर्चीही तिथेच. स्वयंपाक ओट्यापाशी उंच स्टूल ठेवून करायची, दाणे निवडायची, मुलाशी फोनवर बोलायची. जेवण झालं की काठीने फरशीवर ठोकायची, म्हणजे मी वर जायचं. तिला खालचं सगळं ऐकू यायचं. "आज घंटी लई येळा वाजली," ती म्हणायची, "झालं का एक?" मी म्हणायचो, झालंच समज. मी खरोखर तसंच समजत होतो. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पत्र्याखाली वर भाजायचं आणि ती ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायची. चार दिवस म्हणालो होतो त्याचा तिने एकदाही उच्चार केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

यंदाच्या खंडेनवमीला सकाळी मी आंघोळ करून खाली निघालो, तर ती जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून बसली होती. शेजारी ताट होतं. हळद, कुंकू, झेंडूची फुलं, वाटीत अक्षता. दर वर्षी हे ताट घेऊन ती खाली यायची आणि आमचं दर वर्षी ठरलेलं भांडण व्हायचं. मी मशीनांवर फडकं टाकायचो, ती म्हणायची देवाला काय फडक्यावरून कुंकू लावायचं का, आणि माझी नजर चुकवून चार दाणे आत टाकायचीच. ते मी पुढच्या महिन्यात चिमट्याने काढायचो. गेल्या खंडेनवमीला आम्ही पुण्यात होतो, त्यामुळे पूजा झालीच नव्हती.

"औंदा तुमीच करा," ती म्हणाली. "हळदकुकू लावा, फुलं वाहा. आन् आज काम करायचं न्हाई. हत्याराला एक दिस इसावा असतो."

मी ताट घेऊन खाली गेलो. प्रत्येक मशीनच्या कपाळाला, म्हणजे जिथे कंपनीची अक्षरं असतात त्या पट्टीला, एक एक बोट लावलं. अक्षता टाकल्या नाहीत. वाटी तशीच वर आणून ठेवली. तिने वाटीकडे पाहिलं आणि तिच्यावर झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. जेवणं झाली. मी आपट्याचं पान तिच्या हातात दिलं, तिने मला दिलं. मग तिने तीच वाटी माझ्यापुढे सरकवली.

"आता उत्तरपूजा करून या."

"मशीनची कसली उत्तरपूजा?"

"गनपतीची करत्यात तशी. अक्षदा टाकायच्या, जाग्यावरून जरासं हलवायचं. हलवलं की त्यात देव न्हाई. मग त्याचं काय बी हुंद्या. नीट असू दे न्हाईतर मोडकं असू दे."

मी म्हणालो, अजून सात-आठ व्हायची राहिलीत. दोन तर उघडूनच ठेवलीत.

"ती हुत न्हाईत," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तुमच्यानं आता हुत न्हाईत. माझं गुडघं बी हुनार न्हाईत. मी ते कवाच मानलं. तुमी मशिनीचं कवा माननार?"

मी वाटी उचलली.

खाली दुपारचं ऊन लोटलेल्या दाराच्या फटीतून जमिनीवर पडलं होतं. पहिलं मशीन माझंच होतं, कार्यालयातलं. त्याच्या झाकणावर अक्षता टाकल्या. दोन बाहेर राहिल्या, बाकीच्या दांड्यांच्या फटीतून आत गेल्या. जन्मात पहिल्यांदा मी स्वतःच्या हाताने मशीनमध्ये तांदूळ टाकले. मग दोन्ही हातांनी धरून ते वीतभर सरकवलं. जड असतात ती. नंतर मळीच्या वासाचं, मग राहात्याचं, मग ज्यांची आतडी टेबलावर मांडून ठेवली होती ती दोन. त्यांचे सुटे भागसुद्धा मी फडक्यासकट हलवले. पाठ भरून आली. रडूबिडू काही आलं नाही, पण शेवटच्याला हलवून झाल्यावर मी खुर्चीत बसलो आणि इतका थकवा आला की वाटलं, हा सगळा आजचा नाही, बरीच वर्षं साचलेला आहे. आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. आता त्यातलं एकही मला दुरुस्त करायचं नव्हतं.

सजावटवाल्या तरुणाला मीच फोन केला. तो दोन दिवसांत आला आणि दिसायला बरी होती ती निवडून घेऊन गेला. या वेळी मी त्याला चहा दिला. उरलेली भंगारवाल्याच्या टेम्पोत गेली. तो एकेक उचलून फाळक्यावरून आत टाकत होता, आणि टाकताना एखाद्याची घंटी वाजायची. मी आत जाऊन फळ्या पुसत राहिलो. मास्तरांचं पेटीतलं मशीन मात्र बायकोने ठेवायला लावलं. "रिकामा हात घेऊन माझ्यासमोर नका बसू," म्हणाली.

खोलीतला रॉकेलचा वास जायला वेळ लागला. चुना मारून घेतला. मोरीत धरायला लोखंडी कडी बसवली, कोपऱ्यात गॅसचा ओटा केला, पलंग सुटा करून खाली आणला आणि पुन्हा जोडला. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मुलगा आला. त्याने आणि चुना मारणाऱ्या माणसाने मिळून तिला खुर्चीसकट खाली आणली. येताना तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. खाली टेकल्यावर उघडले, खोलीभर पाहिलं, आणि म्हणाली, "केवढी मोठी हाय ही." मग तिने खुर्ची दारात न्यायला लावली.

मी दार पूर्ण उघडलं. ती पदर सारखा करून बसली. मुलगा गाडीतलं सामान काढायला कोपऱ्यापर्यंत गेला होता. मी पलंगाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारत होतो, तेवढ्यात समोरच्या घरातली म्हातारी बाहेर आली. मुसलमान कुटुंबातली, आमच्या बरोबरीने याच गल्लीत म्हातारी झालेली. ती मला जाता-येता विचारायची, भाभी बऱ्या हैत का, आणि मी बरी आहे म्हणून पुढे जायचो. तिला काय वाटत असेल हा विचार मला शिवलाही नव्हता.

ती उंबऱ्यापर्यंत आली आणि तिने बायकोचे दोन्ही हात हातात घेतले.

"भाभी, कवा आल्या? पोराकडं लईच दिस राह्यल्या. आमाला वाटलं आता तुमी पुन्याच्याच झाल्या. ह्ये येकटेच आपले दार लोटून बसायचे, आमाला कसंतरी हुयाचं."

माझा हात पलंगाखाली तसाच राहिला. वर्ष उलटून गेलं होतं. एवढे सगळे दिवस ती माझ्या डोक्यावर होती, काठीने फरशी ठोकत होती, आणि समोरच्या घराला ती गावातच नव्हती.

बायकोने मान वळवून आत पाहिलं. मी खाली वाकलेला तिला दिसलो असेन.

"आजच आले," ती म्हणाली.

"आता न्हाई ना जानार?"

"न्हाई. आता हितंच."

म्हातारीने पायरीवरच बैठक मारली आणि दोघी बोलत बसल्या, कुणाचं लग्न झालं, कोण गेलं, कुणी घर विकलं. बायको प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा ऐकत होती. मी वरच होते, एवढं म्हणायला तिला काही अडचण नव्हती. ती ते म्हणाली नाही.